शाहिनाझच्या नावाचा भाव

शाहिनाझ मित्वल्ली हे नाव कुणी मोबाइलवर शोधलं, तर पहिल्याच ओळीत येतं, 'सामना विकणारी कर्णधार'. ते वाचलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यातल्या एकानेही तिला पाहिलेलं नाही, तिच्या शेजारी बसलेलं नाही, तिचा आवाज ऐकलेला नाही. मी ऐकलाय. शाळेचं दप्तर पायाशी ठेवून माझ्या दुकानात खिडकीजवळच्या मशीनवर बसायची, तेव्हापासून ऐकतोय. म्हणून हे मीच सांगणार आणि माझ्या पद्धतीने सांगणार. मधेच कुणी 'पण शौकी, दुसरी बाजूही असते' असं म्हणायचं नाही. दुसऱ्या बाजूचं बोलून झालंय, त्याचे पैसेही त्या बाजूला मिळालेत.

मी शौकी. पोर्ट सईदमध्ये माझं इंटरनेटचं दुकान आहे. इथे सगळे त्याला सायबर म्हणतात आणि मला अम्मो म्हणतात, म्हणजे काका. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर हाज मित्वल्लीचं भाजक्या मासळीचं दुकान. शाहिनाझ ही त्याची थोरली. सकाळी ती जहाजांना किराणा पुरवणाऱ्या एका कचेरीत कारकुनी करायची, दुपारी बापाच्या दुकानात बोय मासे साफ करायची, आणि अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर हाताला लिंबू चोळून माझ्याकडे यायची. तरी कीबोर्डला वास लागायचाच.

"कॅप्टन, तुझ्या मशीनवर मांजर बसलंय," पोरं म्हणायची.

"बसू दे. तुझ्यापेक्षा बरं खेळेल."

कॅप्टन ती कुणी नेमल्यामुळे झाली नव्हती. खेळ असा की इकडे पाच, तिकडे पाच, दोघांचे दोन किल्ले, ज्याचा किल्ला पडला तो हरला. लढताना एखादा मेला तर थोड्या वेळाने आपल्या किल्ल्यात पुन्हा उभा राहतो. बाकीचे चौघे पोरगे आरडाओरडा करायचे, एकमेकांच्या आयांची आठवण काढायचे, आणि ही मधे शांतपणे सांगायची, कोण कुठे जाणार ते. हळूहळू चौघेही तिचंच ऐकायला लागले. संघाचं नाव ठेवलं अल-मीना, म्हणजे बंदर. एकदा त्यातला एक सामना अर्धा टाकून भज्यांचं सँडविच आणायला गेला, तर तिने त्याला माइकवरून समोरच्या संघाची माफी मागायला लावली. "त्यांनी आपल्यासाठी संध्याकाळ काढलीय," म्हणाली, "आणि तू वांग्याच्या भज्यांसाठी उठलास." पोरगा तोंडात घास घेऊन माफी मागत होता. असली ती.

संघ बाहेरच्या स्पर्धांत जायला लागला तेव्हा हाज मित्वल्ली एकदा अॅप्रनसकट माझ्या दुकानात आला. आत यायला तयार नाही, उंबऱ्यात उभा.

"शौकी, खरं सांग. यात जुगार आहे का?"

"अहो हाज, इथे हरणारा फार तर सगळ्यांना गार सरबत पाजतो."

"सरबतही नको," हाज म्हणाला. मग मुलीकडे वळून, "ज्या दिवशी यात कुणाचा पैसा लागेल, त्या दिवशी तू उठायचंस. मला विचारायचं नाही, शौकीला विचारायचं नाही. उठायचं."

"हो बाबा," ती म्हणाली. तिने ते हसण्यावारी नेलं नाही हे मी तेव्हाच पाहिलं.

आता रमजानचं सांगतो, कारण सगळं घडलं ते त्यातच. रोजा सुटायच्या आधीचा तास किती जड जातो हे ज्याने धरलाय त्यालाच कळतं. घरात स्वयंपाकाचे वास, आया पोरांना बाहेर हाकलतात, आणि पोरं माझ्याकडे येतात. म्हणून आमच्याकडे रमजानचे सामने त्याच वेळेला असतात. पण मगरिबची बांग सगळीकडे एका वेळेला होत नाही. आमचा सूर्य आधी बुडतो, कैरोचा नंतर, अलेक्झांड्रियाचा आणखी नंतर. आमच्यात आणि त्यांच्यात दहाएक मिनिटांचा फरक. मग सामना मधेच थांबवायचा कसा? थांबवायचं बटण फक्त पंचाच्या हातात, आणि पंच बहुतेक वेळा स्वतःच खजूर शोधत असतो.

यावर पोरांनीच एक रीत पाडली, माझ्यासारख्यांच्या दुकानांतून, कुणाला न विचारता. ज्याच्या गावात बांग झाली तो खेळातल्या खिडकीत एकच शब्द लिहितो, 'सुफ्रा'. म्हणजे पान मांडलंय. तो शब्द आला की दोन्ही संघ आपापल्या किल्ल्यात परत जातात आणि हात काढून घेतात. कुणी कुणाला हात लावायचा नाही. पाणी पिऊन, खजूर खाऊन झाले की 'अल्हमदुलिल्लाह' लिहायचं आणि पुन्हा सुरू. मग दुसऱ्या गावाची बांग झाली की परत तेच. नियमांच्या पुस्तकात यातलं अक्षर नाही. पण सुएझपासून दमन्हूरपर्यंत कुठल्याही पोराला विचारा, सुफ्रा पडलेला असताना वार करणारा पोरगा मी आजवर पाहिला नव्हता. शिव्या देणारे, हरल्यावर वायर ओढणारे, नको ते सगळे पाहिले. तसला एकही नाही.

त्या वर्षी सुएझ कालव्याकाठच्या आणि समुद्रकाठच्या संघांची मोठी स्पर्धा लागली आणि तिचं थेट प्रक्षेपण व्हायला लागलं. आम्हाला वाटलं, आपली पोरं बघायला लोक येतायत. कसले बघायला. परदेशातल्या कुठल्याशा साइटने आमच्या प्रत्येक सामन्यावर बाजार उघडला होता. जुगार म्हणायचं नाही बरं का, 'भाकितांचा बाजार' म्हणायचं. प्रत्येक प्रश्नाला दोन चिठ्ठ्या, एक 'हो'ची, एक 'नाही'ची. अल-मीना जिंकेल का? जिकडे लोक धावतील ती चिठ्ठी महाग, दुसरी स्वस्त. शेवटी जी खरी ठरेल तिचे पुरे शंभर सेंट, दुसरीची रद्दी. सामना चालू असताना भाव वरखाली. आणि नुसत्या जिंकण्याहरण्यावर नाही, मेल्यांनी प्रत्येक शिंकेवर चिठ्ठ्या काढल्या होत्या. कोण आधी मरेल, कोण चिडून शिवी देईल, पोर्ट सईदची मुलगी आज डोक्याला कुठला रुमाल बांधेल. होय, रुमालावरसुद्धा. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी तिने रुमाल बदलला आणि खिडकीत लिहिलं, 'ज्यांचे बुडाले त्यांना ईद मुबारक'. आम्ही खूप हसलो. हसायला नको होतं.

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, तुझ्या हातात पैसा आहे का? नाही म्हटलं. तुझ्या संघात कुणाच्या? नाही म्हटलं. मग म्हणाले, खिडकीबाहेर कुत्री भुंकतात म्हणून घर सोडायचं नसतं. खेळ."

अंतिम सामना अलेक्झांड्रियाशी. त्यांचा कर्णधार वगदी, मोटरसायकलवर जेवणाचे डबे पोचवणारा, हसतमुख पोरगा, माइकवर सारखे विनोद. आमची बांग आधी झाली. शाहिनाझने सुफ्रा लिहिलं, वगदीची पोरं उपाशीपोटी हात काढून बसली, आमच्या पोरांनी खजूर खाल्ले, पाणी प्यायले. वगदी माइकवर म्हणत होता, "सावकाश खा, पोरांनो. आम्ही इकडे टेबलाचा पाय चावतोय." मग खेळ पुन्हा सुरू झाला आणि आमच्या पोरांच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. त्यांचे तिघे पाडले. त्यांच्या किल्ल्याला शेवटची घरघर लागली. आणखी दोन वार, बास. प्रक्षेपणाच्या पडद्यावर 'अल-मीना जिंकेल'ची चिठ्ठी शंभराला टेकली होती.

आणि वगदीच्या माइकमधून बांग ऐकू आली.

त्याने सुफ्रा लिहिलं नाही. हात गुंतले होते, जीव वाचवत होता, त्याला भान नव्हतं. शाहिनाझने त्याच्या वतीने लिहिलं. स्वतः लिहिलं, आणि आपल्या चौघांनाही मागे फिरवलं. आमच्यातला एक ओरडला, "कॅप्टन, दोनच वार." ती म्हणाली, "त्यांनी आपल्यासाठी थांबवलं नव्हतं का? मागे फिर." माझ्या दुकानात कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. सगळ्यांनी पाण्याचे घोट घेतले. तेवढ्यात त्यांची मेलेली माणसं उठून उभी राहिली, पुढे त्यांनी डाव फिरवला आणि ते जिंकले. शाहिनाझने वगदीला म्हटलं, "माजू नकोस, पुढच्या वर्षी आहे मी." तो म्हणाला, "कॅप्टन, तुझ्या हाताला सलाम." एवढंच. आम्ही जेवायला घरी गेलो.

जेवून परत येईपर्यंत जग उलटलं होतं. ज्यांनी शंभराला टेकलेल्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या त्यांची रद्दी झाली होती. त्यांना बांग माहीत नाही, सुफ्रा माहीत नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की जिंकणारी मुलगी दोन वार बाकी असताना पाठ फिरवून गेली. विकली गेली. दुसरं काय असणार? माणूस दुसऱ्याचं जेवण व्हावं म्हणून थांबतो हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. तिच्या नावाने घाणेरडे निरोप, धमक्या. हाजच्या दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर, ज्यांनी जन्मात बोय चाखली नाही अशांनी लिहिलं, 'सडकी मासळी, पोट बिघडलं'. हाजला कुणीतरी ते वाचून दाखवलं. तो बिचारा बर्फाच्या पेट्या तपासत बसला.

हेही निभावलं असतं. चार दिवस लोक बोंबलले असते आणि थकले असते. पण दुसऱ्याच दिवशी त्या साइटने नवा बाजार उघडला, 'पोर्ट सईदच्या कर्णधारावर ईदच्या आत बंदी येईल का?' आता नीट ऐका. ज्याने 'हो'ची चिठ्ठी घेतली त्याचा फायदा कशात? तिच्यावर बंदी येण्यात. मग तो गप्प बसेल? तो तक्रार करणार, दहा नावांनी करणार, मित्रांकडून करवणार. कुणी तर तिच्या नावाचं खोटं खातं बनवून त्याचं चित्र फिरवलं, ही बघा, हिनेच चिठ्ठ्या घेतल्या होत्या. जितक्या तक्रारी, तितका 'हो'चा भाव वर. भाव वर गेला की लोक म्हणणार, बघा, एवढ्या लोकांना वाटतंय म्हणजे काहीतरी असणारच. खोटं बोलायचं, त्याचा भाव चढवायचा आणि तोच भाव पुरावा म्हणून दाखवायचा. आणि याला म्हणे लोकांचं शहाणपण म्हणतात.

स्पर्धेच्या समितीचा प्रमुख उस्ताद हातिम. मी त्याला फोन केला.

"शौकी एफंदी, तक्रारी फार आहेत," तो म्हणाला.

"तक्रार करणाऱ्यांच्या खिशात चिठ्ठ्या आहेत, उस्ताद."

"ते माझ्या कक्षेत येत नाही."

"मग काय येतं? मासळीचा वास येतो का?"

"आवाज चढवू नका. सुफ्रा वगैरे नियमात कुठे आहे, दाखवा."

"तुम्ही रोजा सोडताना शेजाऱ्यासाठी थांबता ते कुठल्या नियमात आहे?"

आता त्याचाच आवाज खाली आला. मग म्हणाला की ज्या संघाचा फायदा झाला त्याच्या कर्णधाराने येऊन सांगितलं, अशी रीत आहे आणि त्यामुळेच ती थांबली, तर तक्रारी निकालात निघतील. इस्माइलियाच्या कर्णधाराने लिहून दिलं होतं, सुएझच्याही. ते चालणार नाही, म्हणे. ते या सामन्यात नव्हते. वगदीच हवा. आणि चौकशीचंही थेट प्रक्षेपण होणार. पारदर्शकता. अहो, पारदर्शकता कसली, तमाशाला आणखी एक खेळ मिळाला.

वगदीला आम्ही फोन केले. उचलत नव्हता. निरोप वाचायचा, उत्तर नाही. दिवसामागून दिवस चालले, शिव्या वाढत गेल्या. शाहिनाझला कचेरीतून सांगितलं, ईद होईपर्यंत घरीच थांब. ती दुपारी बापाच्या दुकानात मासळी साफ करायची आणि मोबाइल वाजला की त्याच्याकडे बघायचीही नाही. मी तिला एकदाच रडताना पाहिलं, तेही धुरावर ढकललं तिने. हाज एकदा मला म्हणाला, "शौकी, तिचं लग्न ठरवायचं आहे मला. लोक नाव विचारतात आधी."

चौकशीच्या आदल्या दुपारी वगदी माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. मोटरसायकलवरून थेट अलेक्झांड्रियाहून. रोजा होता म्हणून चहा विचारायचा प्रश्न नव्हता, आणि नसता तरी मी विचारला नसता.

"तोंड दाखवायला वेळ मिळाला?" मी म्हटलं.

"अम्मो, आधी कॅप्टनला बोलवा. खूश होईल ती."

शाहिनाझ आली, हाताला खवले चिकटलेले. वगदी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "उद्या मी सगळं सांगणार आहे. सुफ्रा, बांग, तू माझ्या वतीने लिहिलंस ते. शब्द न् शब्द. वल्लाही, तुला काही होणार नाही."

"मग इतके दिवस फोन का नाही उचललास?"

वगदी हसला. चांगलं काही सांगायचं असलं की पोरगा हसतो तसा. "अगं, उचलला असता तर बोलावं लागलं असतं. बोललो असतो तर भाव फिरला असता. मी 'नाही'च्या चिठ्ठ्या घेतल्यात, 'बंदी येणार नाही'च्या. आता कोण घेतंय त्या? आठ सेंटला पडल्यात. उद्या मी तोंड उघडलं की शंभर. होते नव्हते ते सगळे लावलेत. त्यातले अर्धे तुझे. तू एवढं सोसलंस, तुला नको का काही?"

हा पोरगा तिचा शत्रू नव्हता हो. याला ती आवडायची, याला तिचं भलं करायचं होतं. नुसतं भलं करायच्या आधी तो भाव पडायची वाट बघत होता.

शाहिनाझ बराच वेळ हाताचे खवले काढत होती. मग म्हणाली, "म्हणजे ते मला रोज वेश्या म्हणत होते, बाबांच्या मासळीला सडकी म्हणत होते, तेव्हा तुझी चिठ्ठी स्वस्त होत होती."

"तसं नको बघूस गं."

"मग कसं बघू, सांग. मला येत नाही."

"शेवटी मी खरंच सांगणार आहे ना? खोटं थोडंच सांगतोय?"

तो गेल्यावर मी तिला समजावलं. मी म्हटलं, पोरी, गाढव आहे तो, पण साक्ष खरी आहे. खरं कुणाच्याही तोंडून आलं तरी खरंच. उद्या गप्प बस, त्याला बोलू दे, सुटलीस की त्याच्या तोंडावर पैसे फेक. तुझं नाव तर मोकळं होईल.

"कशाने मोकळं होईल, अम्मो? माझ्यावर आळ काय आहे, की निकाल आधीच ठरवून मी पैसा लावू दिला. उद्याचा निकाल मला आज माहीत आहे. पैसाही लागलाय. अर्धा माझ्या नावाने. आजपर्यंत ते खोटं होतं. उद्या मी गप्प बसले तर ते खरं होईल."

"कुणाला कळणार आहे?"

"बाबा विचारतील. विचारतील की हा पोरगा इतके दिवस कुठे होता."

मला राग आला, तिचाच. म्हटलं, तुझा बाप आणि तू, दोघांनाही वेड लागलंय. ती म्हणाली, "असेल," आणि मासळी भिजत पडलीय म्हणून निघून गेली.

चौकशीच्या दिवशी दुकान भरलं होतं. हाज मित्वल्ली पहिल्यांदा आत आला आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर माळ ओढत बसला. शाहिनाझ खिडकीजवळच्या मशीनवर. पडद्यावर एका चौकटीत हातिम, एकात वगदी, एकात ती, आणि बाजूला प्रेक्षकांची बडबड सरसर वर जातेय, मधे मधे भाव. 'हो' एक्याण्णव. 'हो' ब्याण्णव. जिवंत माणूस बोलतंय आणि शेजारी त्याचा भाव चालू आहे. असं माझ्या दुकानात, माझ्या पडद्यावर चाललं होतं.

वगदी बोलला, आणि छान बोलला. सुफ्रा काय, कधीपासून, कसा. "त्या दिवशी तिने मला हरवलं असतं. माझी बांग तिने माझ्याआधी ऐकली." माझे डोळे भरून आले. बाजूचा 'हो' घसरायला लागला. ऐंशी. साठ. चाळीस. माझ्या दुकानातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. हातिमही सैल झाला. म्हणाला, "साक्ष स्पष्ट आहे. कर्णधार, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

नाही म्हण, मी मनात म्हणत होतो. पोरी, नाही म्हण.

"त्यांना विचारा," शाहिनाझ म्हणाली, "त्यांनी माझ्या सुटकेवर किती चिठ्ठ्या घेतल्यात. मला कालपासून माहीत आहे. त्यातल्या अर्ध्या मला देणार होते. मला नकोत."

वगदीचं तोंड उघडं राहिलं. तो रागावला नाही, त्याला ते कळेचना. "शाहिनाझ," एवढंच म्हणाला तो, "मी तर तुझ्यासाठीच..."

हातिमने कागद चाळले. मग आवाज गंभीर करून सांगितलं की प्रामाणिकपणाबद्दल समिती कर्णधारांची आभारी आहे, मात्र साक्षीदाराचा पैसा गुंतल्यामुळे साक्ष बाद, आणि साक्ष नाही म्हटल्यावर तक्रारी उभ्या राहतात. दोघांवरही वर्षाची बंदी. आभारी आहे म्हणे. ज्या जिभेने आभार मानले त्याच जिभेने बंदी घातली, आणि मधे श्वाससुद्धा घेतला नाही. 'हो'वाल्यांना पुरे शंभर मिळाले. ज्याने तिच्या नावाचं खोटं खातं बनवलं त्यालाही मिळाले असतील. वगदीचं होतं नव्हतं ते गेलं. मला त्याची कीवही येते आणि त्याला बदडावंसंही वाटतं. आणि अख्ख्या गोष्टीत एकच माणूस असं होतं की ज्याने कशावरही एक पै लावली नाही. शिक्षा तिला झाली, सामना विकल्याची.

हाज मित्वल्ली मागून उठून आला.

"बंदी म्हणजे काय, शौकी?"

"वर्षभर खेळता येणार नाही."

"आणि नंतर?"

"नंतर येईल."

"मग तिचं मशीन झाकून ठेव. धूळ बसते," हाज म्हणाला, आणि मुलीला घेऊन गेला.

ईद झाली. कचेरीने तिला परत घेतलं नाही. ती दिवसभर बापाच्या दुकानात उभी राहायला लागली. लोक येत, मासळी घेत, तिच्याकडे बघत, कुजबुजत. मी रोज दुपारी तिथेच जेवायचो, कुणी काही बोललं तर बघून घ्यायला. असाच एक दिवस एक तरुण आला. चांगले कपडे, गोड बोलणं. म्हणाला, मी खास कैरोहून आलोय, मी तुमच्या बाजूचा आहे, तुमच्यावर फार अन्याय झाला. इतक्या दिवसांत असं म्हणणारा तो पहिलाच परका माणूस. हाजचा चेहरा असा खुलला की बघवेना. त्याने स्वतः मोठी बोय निवडली, भाजली, भात वाढला, लिंबू चिरून दिलं. पैशाचं नाव काढायचं नाही म्हणाला.

पोरगा खाता खाता शाहिनाझला म्हणाला, "तुम्ही बंदीविरुद्ध अपील करणार ना?"

"बघू," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे नक्की? या महिन्यात? हो की नाही, एवढंच सांगा."

शाहिनाझचा सुरीचा हात थांबला. "बाजार उघडलाय का त्याच्यावर?"

पोरगा जरा लाजला. "ते काय, सगळ्यावरच असतो. मी तुमच्या भल्यासाठीच विचारतोय. हो म्हणालात तर तुमचाही..."

"काय म्हणतोय हा?" हाजने मला विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं.

हाज टेबलाजवळ गेला आणि त्याने पोराच्या पुढ्यातलं ताट उचललं, अर्धी बोय तशीच. हातात पै नसलेल्या खलाशासमोरूनही त्याने कधी ताट उचललं नव्हतं. मी तिथे इतकी वर्षं जेवतोय, मी पाहिलेलं नाही.

"हाज, मी पैसे देतो ना," पोरगा गोंधळून म्हणाला.

"ठाऊक आहे," हाज म्हणाला. "तू सगळ्याचेच देतोस. ऊठ."

पोरगा उठला, हात पुसले, शाहिनाझकडे एकदा नीट पाहिलं. दाराबाहेर पडल्या पडल्या त्याने मोबाइल कानाला लावला.

"'नाही' घे," तो कुणाला तरी म्हणाला. "मी बघून आलोय. सगळे 'नाही' घे."

आम्ही तिघांनीही ते ऐकलं.